सासऱ्यांच्या तोंडचा संदर्भ

मंगळवार, रत्नागिरी

संगीताला इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लिहायला शिकवते आहे. ‘गावाने मिळून किनाऱ्यावर ओढलेल्या रापणीच्या जाळ्यातल्या मासळीत विधवेचाही वाटा काढतात,’ हे तिचं वाक्य मी काल काढायला लावलं. तिच्या सासऱ्यांनी सांगितलं हा संदर्भ होत नाही, छापील हवा. केवढी भांडली.

आज ती कात्रण घेऊन आली. माझ्याच भाषणाची बातमी, त्यात तेच वाक्य.

"आता चालेल ना, बाई?"

नियमाने चालतं. पण मला ते तिच्या सासऱ्यांनीच बंदरावर सांगितलं होतं. व्यासपीठावर मी त्यांचं नाव का घेतलं नाही?

"तुमचं छापतात. आमच्या म्हाताऱ्याचं वाऱ्यावर जातं," ती हसली.

उद्या वार्ताहराला घेऊन त्यांच्याकडे जाते. मुलाखत त्यांच्या नावाने छापून येऊ दे. तोवर वाक्य लेखाबाहेरच ठेव म्हटलं. आज संगीता भांडली नाही.