रविवारची चिठ्ठी

नानाखेडा, उज्जैन
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय मुक्ता,

प्रभूच्या नावाने सलाम. रुचिरलाही सांग. तुझं घर माधव नगरात, ऑटोने पंधरा मिनिटं, आणि आई पत्र लिहितेय! हसशील. हस.

इकडे ठीक. थंडी पडायला लागलीय. पास्टरसाहेब काल प्रार्थनेला येऊन गेले. शेजारची भार्गवी डबा आणते आणि "आंटी, दो रोटी तो खा लो" म्हणत समोर उभीच राहते. बाबांचे कपडे अजून दोरीवर आहेत. काढेन.

कब्रस्तानात तू एकच विचारलंस, "बाबांनी चार वर्षांत एकदाही का बोलावलं नाही?" मी म्हटलं, देवाची वेळ आली नव्हती. तू मान हलवलीस आणि निघून गेलीस.

खोटं बोलले मी.

तू आणि रुचिर कोर्टात लग्न करून आलात, तेव्हा "बोलावू तेव्हाच ये" असं दारातच म्हणणारी मी होते. बाबा आत रडत होते. काचबिंदूने त्यांचे डोळे आधीच गेलेले, फोनसुद्धा मीच लावून द्यायची. दर रविवारी चर्चहून आलो की ते बायबलच्या वचनांच्या डबीतून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात द्यायचे. "सुनंदा, बघ गं देव काय म्हणतो, मुक्ताला आज बोलवू का?"

चिठ्ठीत काहीही असो, मी वाचायची: थांब, धीर धर.

आधी रागाने. मग सवयीने. मग भीतीने, की आता खरं वाचलं तर मागचं सगळं उघडं पडेल. ते मात्र दर वेळी "बरं" म्हणायचे. मंडळीत उभं राहून सांगायचे, देव मला सबुरी शिकवतोय. लोक आमेन म्हणायचे. मीसुद्धा.

शेवटच्या रविवारी तर मी चिठ्ठी उलगडलीही नाही, नुसतं "थांब" म्हटलं. ती त्यांनी परत डबीत ठेवू दिली नाही. "असू दे माझ्याजवळ. पुढच्या रविवारी देव हो म्हणेल." बुधवारी गेले. सदऱ्याच्या खिशातून ती काढली आणि तेव्हा वाचली.

घर सोडून गेलेलं मूल परतताना अजून लांब असतानाच त्याला बघून बाप धावत सुटला, ते वचन आहे.

देवाने हो म्हटलं होतं गं. मीच मध्ये उभी होते.

त्यांची क्षमा मागायला आता ते नाहीत. तुझी मागते. आजच दे म्हणत नाही, कधीच दिली नाहीस तरी तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. सबुरी आता मी शिकेन. दिवसभर दार नुसतं लोटलेलं असतं, कडी लावत नाही.

चिठ्ठी सोबत ठेवलीय. बाबांनी तुला चार वर्षं, दर रविवारी बोलावलं. निरोप आज पोचवतेय.

अजून म्हणू देत असशील तर, तुझी
आई