विकथॉर्पचा बगळा आणि लॅमफोर्डचा मासा

विकथॉर्प, मे १९७४

ती. विनिफ्रेडताईस,

धाकट्या अँब्रोजचा नमस्कार. वि. वि. तुझा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं, बरं वाटलं. यंदा गुलाबांना कीड नाही ना? इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे हेस्टर माझ्याशी पुन्हा बोलू लागली आहे. मध्यंतरी का बोलत नव्हती, ते सांगायलाच बसलो आहे.

सरकारने नदीच्या अलीकडचं आमचं विकथॉर्प आणि पलीकडचं लॅमफोर्ड यांची मिळून एक नगरपालिका केली, हे तू वाचलं असशील. (आम्हाला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन्ही गावं जन्मात प्रथमच एका सुरात ‘नको’ म्हणाली असती.) नगरपालिका एक म्हणजे गावाचं मानचिन्ह असलेली ढालही एक. आमच्या ढालीवर पिढ्यान्‌पिढ्या बगळा, खाली ब्रीदवाक्य ‘आम्ही जागे आहोत’. लॅमफोर्डच्या ढालीवर मासा. या दोघांचा संसार मांडून देण्यासाठी समिती नेमली. मी पडलो पाववाला, माझं कुणाशी वाकडं नाही, शिवाय बायको लॅमफोर्डची. तेव्हा अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं.

लंडनहून ढालींचे जाणकार मिस्टर फेदरस्टन आले. अतिशय सभ्य गृहस्थ. उजवी बाजू मानाची, ती कुणाला द्यायची, हा पहिला प्रश्न. ते म्हणाले, बगळ्याला. लॅमफोर्डच्या मिस ओल्डेकर उठून उभ्या राहिल्या. (या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या उभ्या राहिल्या की अर्धी समिती अजूनही पाठीचा कणा ताठ करते.) पण फेदरस्टननी चित्र काढलं तर बगळा डावीकडे! तेव्हा आमचे कर्नल गॉथ्रप उठले. मग कळलं की ढालीची उजवी बाजू ढाल धरणाऱ्याची असते, बघणाऱ्याची नव्हे. म्हणजे बगळा शास्त्राने उजवीकडे आणि मासा डोळ्यांना उजवीकडे. दोघंही बसले. मला वाटलं, संपलं.

पण चित्रात बगळा माशाकडे बघत होता. बगळा माशाकडे कशासाठी बघतो हे नदीकाठच्या माणसांना सांगावं लागत नाही. लॅमफोर्डने मासा मोठा करून मागितला. केला. मग कर्नलना बगळा छोटा वाटू लागला. करता करता मासा एवढा झाला की तोच बगळ्याला गिळेल असं दिसू लागलं. पाठीला पाठ लावून पाहिली, तर नवराबायकोचं भांडण झाल्यासारखं दिसलं. (आमच्या घरातही तेव्हा साधारण तीच मांडणी होती.) शेवटी कर्नल म्हणाले, मासा काढूनच टाका.

आता हेस्टरचं सांगतो. लॅमफोर्डच्या टाउन हॉलच्या दारावरचा मासा तिच्या वडिलांनी, सायलसनी, ऐन उमेदीत रंगवलेला. माणूस जन्मभर कुंपणं आणि गटाराची झाकणं रंगवत आला. सही करावी असं काम ते एवढंच. ढालीतून मासा गेला की दारावरचाही खरवडला जाणार. म्हातारा अंथरुणाला खिळलेला, पण रोज विचारायचा, माशाचं काय झालं? हेस्टरने मला एकदाच, शांतपणे सांगितलं, “माझ्या बाबांचा मासा खरवडलात, तर या घरात स्वयंपाक बगळ्यानं करायचा.” त्यानंतर ती बोललीच नाही.

शेवटच्या सभेला मी हरल्यासारखाच गेलो. जेवण मटण-पाई आणि पुडिंगचं, त्यात ऊन खिडकीतून थेट कर्नलच्या अंगावर. मासा काढण्याचा ठराव मांडून ते खुर्चीत बसले आणि मान खांद्यात घालून गाढ झोपले. मिस ओल्डेकरनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग फेदरस्टनना म्हणाल्या, “बगळा असा असेल, तर आमची हरकत नाही.”

फेदरस्टननी तिथल्या तिथे काढलं. वर एका पायावर उभा, चोच पिसांत खुपसून झोपलेला बगळा. खाली लाटांत निवांत पोहणारा मासा. मी मताला टाकलं. टाळ्या झाल्या तसे कर्नल दचकून जागे झाले, आणि आपण झोपलो नव्हतो हे दाखवण्यासाठी त्यांनी ठरावाला खणखणीत अनुमोदन दिलं.

गेल्या शनिवारी लॅमफोर्डच्या टाउन हॉलसमोर ढालीचं अनावरण झालं. सायलसना चाकाच्या खुर्चीतून आणलं. त्यांनी आधी स्वतःचा दारावरचा मासा पाहिला, मग नव्या ढालीवर झोपलेला बगळा, मग त्याखालचं ‘आम्ही जागे आहोत’. जावयाला त्यांनी कधी नावाने हाक मारलेली नाही. त्या दिवशी मारली.

“अँब्रोज,” ते म्हणाले, “मासा चांगला सुटला.”

हेस्टर म्हणाली, वाऱ्याने डोळ्यांत काहीतरी गेलं. वारा नव्हता.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अँब्रोज

ता. क. ऐकतो की पुढल्या वर्षी तुमचं बेलशॅमही आमच्यातच येणार, आणि तुमच्याकडून ढालीचं बघायला तुलाच नेमलं आहे. ताई, तुमच्या ढालीवर मांजर आहे. हात जोडून सांगतो, ते आताच बदलून घे. एखादं झाड चालेल.

ता. क. २. झाड घेतलंस तर बगळा त्याच्यावर बसणार की खाली उभा राहणार, हे मात्र सभेत कुणाला विचारू देऊ नकोस.