बंदराचा दुसरा नकाशा

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. इकडे सर्व ठीक. तिकडची खुशाली तू कळवत नाहीस, ती वहिनीकडून कळते.

घर बदलताना आईचा नकाशा तू माझ्याकडे पाठवलास, तो पोचला. बांधाबांध छान होती, तरी वाटेत काच तडकलीच. काही झालं तरी चौकट उघडू नकोस, असं तू चिठ्ठीत बजावलं होतंस. चौकट न उघडता काच कशी बदलतात तेवढं लिहायचं राहिलं, म्हणून चौकटवाल्याकडे नेला.

त्याने कागद खिडकीपाशी तिरपा धरला आणि विचारलं, हा कुणी काढला म्हणता? मी ऐटीत सांगितलं की आईने. ती बंदर कचेरीत आरेखक होती, दोनशे वर्षांपूर्वी परक्या राज्यकर्त्यांनी काढवलेला मूळ नकाशा कचेरीच्या दालनात आहे आणि ही तिने केलेली त्याची नक्कल. त्यावर त्याने मला कागदाच्या कडेवरून बोट फिरवायला लावलं. चारही बाजूंनी सरळ रेषेत बारीकसा खळगा लागतो. ही तांब्याच्या पत्र्याची कड, म्हणाला. कोरलेल्या पत्र्यात शाई भरून त्यावर कागद दाबला की हा ठसा उठतो. रंग हाताने भरलेत, पण रेघा छापलेल्या आहेत. लेखणीने हे होत नाही.

म्हणजे इतकी वर्षं आपल्या भिंतीवर मूळ नकाशा होता, दादा. मग कचेरीत काय आहे? आणि तू उघडू नकोस का म्हणालास? फोनवर तू विषय बदलशील, म्हणून लिहिते आहे.

लोभ आहे तेवढा पुरे, उत्तर मात्र लवकर यावं.
तुझी धाकटी

११ फेब्रुवारी

चि. तराजूस,
अ. आ. खाऊचे दोन वाटे केले की तू दोन्ही हातांत तोलून बघायचीस. वजनमाप खात्याने तुला उगीच नाही घेतलं.

चौकटवाल्यांना सगळंच जुनं वाटतं, त्यात त्यांचा धंदा आहे. काच बसव आणि लाव भिंतीला. नवं घर बरं आहे, पण वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. तुझ्या वहिनीने अजून सहा खोकी उघडलेली नाहीत आणि त्यातल्या कशात माझा चष्मा आहे, ते तिलाही ठाऊक नाही. त्यामुळे पत्र त्रोटक.

तब्येतीला जप आणि भावावरचा लोभ आटू देऊ नकोस.
तुझा दादा

ता. क. कचेरीत जायची काही गरज नाही.

२० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. ता. क. लिहिला नसतास तर कदाचित गेलेही नसते.

घरच्या नकाशाचे फोटो काढून नेले आणि तास-दीड तास एकेक गोष्ट ताडून पाहिली. बंदरातली गलबतं, किल्ल्यावरचं निशाण, तोफेच्या धुराचा ढग, कोपऱ्यात छत्रीखाली उभे असलेले साहेब, सगळं जिथल्या तिथे. पण काचेला गाल लावून पाहिलं तरी पत्र्याची कड कुठे दिसली नाही. आणि धक्क्यावर ओझी वाहणारे हमाल आहेत ना, आपल्या नकाशात त्यांची डोकी म्हणजे नुसते ठिपके आहेत. कचेरीतल्या नकाशात त्यांना चेहरे आहेत. तांदळाच्या दाण्याएवढे, पण नाक, डोळे, एकाला मिशीसुद्धा. ते कुणाचं काम, हे मला कुणी सांगायला नको.

मग मूळ नकाशा घरी कसा आला? डायरीत ‘आईने’ असं लिहिलं आणि पुढे क्रियापद सुचेना. शेवटी ‘अदलाबदल केली’ असं लिहिलं. गुळगुळीत शब्द घेतला म्हणून वजन काही कमी होत नाही. गेल्याच महिन्यात एका दुकानदाराचं आतून पोखरलेलं वजन जप्त केलं. वडिलांच्या वेळचं आहे, असं तो गयावया करून सांगत होता. वडिलांच्या वेळचं असलं तरी खोटं ते खोटंच, असं मी त्याला ऐकवलं. आता तोंड कुठे लपवू?

संशय तुझ्यावरही आहे. मनात ठेवून तुझ्याशी गोड बोलण्यापेक्षा सांगून टाकते. तुला हे पहिल्यापासून माहीत होतं.

लोभाचं काय ते तुझ्या उत्तरावर.
धाकटी

२७ फेब्रुवारी

चि. तराजूस,
अ. आ. चष्मा सापडला. आता सबब उरली नाही.

होय, माहीत होतं. तू आठ महिन्यांची होतीस, मी नऊ वर्षांचा. मूळ नकाशा घड्यांवर फाटायला आला होता, म्हणून रोज हाताळायला एक नक्कल कर, असं आईला साहेबांनी सांगितलं. तू सारखी आजारी, म्हणून काम घरी न्यायची परवानगी त्यांनीच दिली. तिने सात महिने खपून नक्कल केली. मी तिचे कुंचले धुवायचो, तू शाई सांडायला टपलेली असायचीस. कागद चहाच्या पाण्यात भिजवून जुना केला, घड्यासुद्धा जिथल्या तिथे पाडल्या. नक्कल मुळासारखी दिसलीच पाहिजे, हा तिचा हट्ट.

मग दोन्ही नकाशे नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेबांनी तिचा उचलला, डोळ्यांशी धरला आणि म्हणाले, बघा बाई, याला म्हणतात जुन्या कारागिराचा हात, हमालसुद्धा बोलताहेत. मुळावर बोट ठेवून म्हणाले, तुमची रेघ मेलेली आहे, ही नक्कल घरी न्या, सरावाला उपयोगी पडेल.

तिने नेली.

हे तिने मला शेवटच्या आजारपणात सांगितलं. तू विचारशील तेच मीही तिला विचारलं की तू बोलली का नाहीस. ती म्हणाली, दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं काम उचलून डोळ्यांशी धरलं होतं. माझं आहे म्हटलं असतं, तर लगेच खाली ठेवलं असतं.

आता तू नकाशा परत करायला निघशील, हे मी ओळखून आहे. एवढंच सांगतो, कचेरीत हे कुणी ऐकून घेणार नाही. कागदावर एकच ओळ उरेल की अमुक आरेखक बाईने सरकारी नकाशा पळवला. तिला मी चोर म्हणवून घेऊ देणार नाही, म्हणून गप्प होतो. अडवत नाही तुला. पण माझं मन नाही.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
दादा

१५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. नकाशा घेऊन गेले होते. तुझं पत्र तीनदा वाचून मग गेले. नुसता अर्ज दिला, त्यात आईचं नाव घातलं नाही, ‘आमच्या संग्रहात चुकून आलेला’ असं लिहिलं. हे खरं की सोयीचं, याचा निकाल अजून लागलेला नाही.

आताचे साहेब तरुण आहेत, वागायला सभ्य. त्यांनी भिंग आणवलं, माझा नकाशा दालनात नेऊन त्या नकाशाशी ताडून पाहिला. मग मला समजावलं की बाई, हमालांचे चेहरे पाहा, किती जिवंत आहेत, तुमच्याकडे नुसते ठिपके. नक्कल करणारा कंटाळतो तो इथेच. मी पत्र्याची कड दाखवली. तर म्हणाले, असली कड हल्ली कुणीही उठवून देतं. त्यांची चौकट उघडा म्हटलं, तेव्हा मात्र त्यांचा सूर बदलला. मी कुठे नोकरी करते, मला कुणी पाठवलं, खरा नकाशा काढून त्या जागी हा टांगायची सूचना कुणाची, असं खोदून खोदून विचारलं. ओळखपत्र उतरवून घेतलं. आयुष्यभर लोकांकडे मी ज्या नजरेने पाहिलं, ती नजर कशी लागते ते कळलं. अर्जावर ‘दखल घेतली’ असा शिक्का मारून नकाशा माझ्या हातात परत दिला.

काल पुन्हा गेले, अर्जाचं काय झालं ते विचारायला. नकाशासमोर दोरी बांधली आहे आणि स्टुलावर एक पहारेकरी बसवला आहे. साहेब रजेवर, म्हणून मी दोरीपाशी उभी राहिले. यात एवढं काय आहे, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, यावर कुणाचा तरी डोळा आहे, म्हणून मला बसवलंय. दिवसभर दुसरं काम नाही, हाच बघतो. धक्क्यावर एकतीस हमाल आहेत आणि एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. तो तिसरा, पाठीत वाकलेला, हुबेहूब आमचा काका. ज्याने काढला त्याने ओझं वाहणारी माणसं जवळून पाहिलेली असणार. मग जरा आवाज चढवून मला म्हणाला, ताई, दोरीच्या मागे.

मी मागे झाले. तोंडाशी आलं होतं, पण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने स्टूल उचललं असतं.

अर्ज मागे घेतलेला नाही. दुसरा करायला मात्र हात उचलत नाही, आणि यात माझा प्रामाणिकपणा किती नि आईची माया किती, हे मला तोलता येत नाही. तुला येत असेल तर कळव.

लोभ होता तसाच आहे, मधे उगीच शंका घेतली.
तुझी धाकटी