चित्रातल्या द्राक्षांवर फिरलेलं बोट

अण्णा, आज गंगापूर रोडवरच्या एका बाईंनी माझं चित्र खिडकीशी नेऊन तिरकं करून पाहिलं. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीची भेट. त्यांचं शिलाई मशीन, त्यावर अर्धी शिवलेली पैरण, सुईतला दोरासुद्धा मी सोडला नव्हता. हल्ली कॉम्प्युटरवर काय काय होतं, नाही का, असं म्हणाल्या. मग खूप कौतुक केलं. कौतुकाचा तर मला जास्तच संशय येतो. ती खोड तुमची.

तुमच्या साठीचं चित्र आठवतंय? आपण तेव्हा पंचवटीत राहायचो आणि तुम्ही पिंपळगावला पॅकहाउसात द्राक्षं निवडायला जायचात. मला चित्रकला कोणी शिकवली नाही. डबा द्यायला आलो की तुमचे हात बघत उभा राहायचो. घड देठालाच धरायचा, मण्यांवरची पांढरी झाक पुसली गेली की माल बाद. तसंच काढलं होतं मी. तुम्ही डावखुरे, म्हणून डाव्या हातात कात्री, उजव्या चिमटीत देठ, मण्याला बोट नाही.

साठीचा तो दिवस. आई आत पुरणपोळ्या करतेय. तुम्ही चित्र उजेडात धरता, घड तपासावा तसं फिरवता, आणि बोट जिभेला लावून थेट मण्यांवरून ओढता. जलरंगच तो. निघाला.

"छापील नाय," बोटाकडे बघत तुम्ही म्हणालात. "पण हात तुझाच कशावरून?"

बसा समोर, आत्ता काढून दाखवतो, असं मी म्हटलं. तर तुम्ही म्हणालात, पोळ्या गार होतील.

तुम्ही कायमचे गेल्यावर आई सांगायला लागली, की दुसऱ्याच दिवशी तुम्ही ते चित्र पिशवीतून पॅकहाउसात नेलंत आणि सगळ्यांना दाखवलंत. "कडेला धरा, माझ्या पोराच्या हातचं हाय," असं बजावत होतात म्हणे. आईने पॅकहाउस कधी पाहिलं नाही. मग हे तिला कळलं कुठून? माझी समजूत काढायला ती काहीही रचेल.

तुमच्या शेजारी बसून द्राक्षं निवडणारे काका अजून पिंपळगावात आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ओळखलं, चहा पाजला. यंदाच्या द्राक्षांबद्दल बोललो आणि चित्राचं न विचारताच परत आलो. ते नाही म्हणतील याची भीती नव्हती, अण्णा. हो म्हणाले असते, तर इतकी वर्षं तुमच्यावर धरलेला राग ठेवायचा कुठे, हे मला ठाऊक नव्हतं.