भावाच्या नावाची ओ

आई, आज कारखान्यात वायरी जोडताना तुझी आठवण आली आणि डबा न उघडताच परत आणला. माझं काम तुला कधी सांगताच आलं नाही, म्हणून आधी ते सांगते. टाकीत पाणी किती, वाफेचा दाब किती, हे मोजून कंट्रोल रूमला कळवणारी यंत्रं असतात, ट्रान्समीटर. आजवर प्रत्येकाची वायर वेगळी, नुसतं जंजाळ. आता सगळी एकाच वायरीवर बसवतोय. नवी कोरी येतात तेव्हा सगळ्यांचा नंबर एकच असतो, शून्य. प्रत्येकाला वेगळा नंबर द्यावा लागतो. मग कॉम्प्युटर एकेकाला हाक मारतो आणि ज्याची हाक त्यानंच ओ द्यायची. दोघं एकदम बोलले की कोणाचंच कळत नाही.

हे मला तुझ्या चुलीपुढेच ठाऊक झालं होतं. तू पोळ्या लाटता लाटता जेवायला बोलवायचीस. आधी ताई, मग भाऊ, मग मी. तिघंही एकदम ओरडलो की चिडायचीस, "एकेक जन बोला ना! काही आयकू नाही येऊन राहिलं!"

भाऊ टायफॉइडनं गेला. तरी तू ताईला हाक मारायचीस, मग त्याला, मग हात क्षणभर थांबायचा, आणि मग माझं नाव. बाबा ताटात बघत बसायचे. एका संध्याकाळी मला ते सहन होईना. त्याच्या पाळीला मीच ओ दिली. तू उलथनं घेऊन उठलीस. "त्याच्या नावाले तू काहून ओ देऊन राहिली वं? तुले तुयं नाव नाही?" मारलं नाहीस. खाली बसून रडलीस, तव्यावरची पोळी करपून गेली. मला वाटलं होतं, तुला बरं वाटेल. किती वेडी होते मी!

धंतोलीच्या दवाखान्यात, शेवटी, तापात तू पुन्हा जेवायला बोलावू लागलीस. ताईनं ओ दिली. मग तू त्याचं नाव घेतलंस आणि दाराकडे बघत राहिलीस. मी उशाशीच होते. तुझा तो राग आठवला, म्हणून गप्प राहिले. तू थांबलीस ती थांबलीसच. माझ्या नावापर्यंत आलीच नाहीस.

आज एक ट्रान्समीटर जळाला. काढून ठेवला, तरी कॉम्प्युटर त्याच्या नंबरला हाक मारतो, जरा थांबतो, मग पुढच्याकडे जातो. साहेब म्हणाले, "मॅडम, उडवून टाका ना तो नंबर. काहून थांबून राहिला तो उगाच?"

उडवला म्हणून सांगितलं.

हा कागद कुठं पाठवणार? घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवते. नंबर मी उडवलेला नाही, आई. सगळे जेवायला गेल्यावर त्याची पाळी आली, तेव्हा मी हळूच ओ दिली. कॉम्प्युटर निदान पुढच्या नंबराकडे तरी गेला.