छताखाली पाठ टेकवताना

सोमवार, ६ जानेवारी
घाटकोपरचा ट्रान्झिट कॅम्प. योगाचा पहिला वर्ग. बालवाडीची खोली दुपारी रिकामी असते, ती मिळाली. भिंतींवर हत्ती, ससे, आगगाडी. त्यांच्याखाली दहा-बारा बायका. सगळ्या एकाच इमारतीतल्या, दोन वर्षांपूर्वी कोसळलेल्या. मी मॅट्स मधोमध अंथरल्या होत्या, छान वर्तुळात. एकही बाई तिथे बसली नाही. सगळ्या भिंतीला पाठ लावून, आणि मधली जागा मोकळी.

आपत्तीतून वाचलेल्यांना योग शिकवायच्या वांद्र्याच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं ते सगळं पाळलं. दार उघडं. कुणाच्या पाठीमागून चालायचं नाही. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हुकूम नाही, "हवं असेल तर" म्हणायचं. म्हटलं, हवं असेल तर डोळे मिटा, नसेल तर उघडे ठेवा. त्यावर एकजण, "टीचर तुम्हीच ना? मग नक्की काय ते सांगा ना." सगळ्या हसल्या. मीही.

दाराशी बसलेल्या परब वहिनींनी मात्र शेवटपर्यंत चपला काढल्या नाहीत. मॅटवर चपलांसकट ताडासन. वीस वर्षं मी "चपला बाहेर" म्हणत आले आहे. आज ते शब्द गिळले.

बुधवार, ८ जाने.
सकाळी नंदूला म्हटलं, हवं असेल तर दूध तापव. पेपरातून मान न काढता म्हणाला, "बायको बदलून मिळाली की काय?" लग्नाच्या इतक्या वर्षांत हे शब्द त्याने माझ्या तोंडून ऐकले नव्हते म्हणे. खोटारडा. दूध उतू गेलं ते गेलंच.

दुपारी देवनारच्या डंपिंगकडून वारा. कचरा जळत असणार. दीर्घ श्वास घ्या म्हणायला जीभ धजेना, म्हणून नुसतेच हात वर-खाली केले. धुरकट पिवळा उजेड खोलीत भरला होता आणि त्यात सगळ्यांचे हात वर जाताना, खाली येताना... बराच वेळ आम्ही तेच केलं. थांबावंसं कुणालाच वाटेना. पाण्याच्या तळाशी असल्यासारखं वाटत होतं, घुसमट मात्र नव्हती. परतताना रिक्षात डोळा लागला. मुलुंडच्या नाक्यावर रिक्षावाल्याने उठवलं.

सोमवार, १३ जाने.
परब वहिनी (यापुढे प.व., माझा हात दुखतो) वर्गानंतर थांबल्या. मूळच्या कणकवलीकडच्या. सासरा गिरणीत, नवरा कुरिअरमध्ये, तो आता गावी असतो. बोलता बोलता सहज म्हणाल्या, "मी आडवी नाय होत, टीचर. दाराक टेकान बसतंय रात्रभर. आडवी झालंय की छप्पर खाली येता."
दोन वर्षं?
"मगे! आता सवय झाली."
सवय म्हणे. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, मान एका बाजूला कलती.

मुलगी रेश्मा बोरिवलीला दिलेली. सातवा महिना, पहिलटकरीण. बाळंतपण माहेरी व्हायचं, पण प.व. तिला येऊ नको म्हणून बसल्यात. "हय नको. ह्या छपराखाली नको." पहिलं बाळंतपण आणि आईच ये म्हणत नाही! सासरी टोमणे सुरू झालेत. रेश्मा फोनवर रडते, या फोन बंद करून ठेवतात.

निघताना उद्याचे तिळाचे लाडू आजच हातावर ठेवले. त्यांनी घेतले आणि म्हणाल्या, "टीचर, एवढा एक बघा तुमच्या योगात. आडवी झालंय तर तिका बोलवीन."
माझ्या योगात.

सोमवार, २० जाने.
पहाटेचं स्वप्न: आमची बिल्डिंग मिठागरांवर तरंगते आहे. लिफ्ट उघडली की पाणी. कुणालाच त्याचं काही वाटत नाही, वॉचमन वल्हं मारतोय. मी मात्र एकेका मजल्यावर चपला गोळा करत फिरते आहे.

वर्गात आज दोघी आपणहून भिंत सोडून मॅटवर आल्या. मी काही बोलले नाही. बोलले असते तर परत गेल्या असत्या. प.व. दारापाशी, उठायच्या तयारीत.

बुधवार, २२ जाने.
हे लिहायचं नव्हतं.

थंडी पडली आहे आणि तिथली फरशी बर्फ. म्हणून सोसायटीच्या वर्गातल्या चादरी घेऊन गेले. पांढऱ्याशुभ्र, लाँड्रीतून आलेल्या. आमच्या मुलुंडच्या बायका त्या पांघरून शवासनात अशा लाडावतात की उठवावं लागतं. तेच मनात. इथल्यांनाही जरा लाड.

आणि आज पहिल्यांदाच त्या आडव्या झाल्या. आपणहून, एकीचं बघून दुसरी. मला रडू यायचं बाकी होतं. विचारून विचारून प्रत्येकीवर चादर घातली. खिडकीतून ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून दोघी-तिघींनी तोंडावर ओढून घेतली. सगळ्या एका ओळीत, शांत. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते, आणि काय सुंदर दिसतंय हे, असंच माझ्या मनात होतं.

प.व. उशिरा आल्या, पाण्याचा टँकर आला होता म्हणून. दारात थांबल्या. मग आत येऊन पहिल्या बाईजवळ वाकल्या, तोंडावरची चादर उचलली, चेहरा बघितला, परत ठेवली. पुढची. पुढची. अजिबात घाई नाही. ओळीच्या टोकाला पोचल्या तोपर्यंत सगळ्या उठून बसल्या होत्या आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. एक बाई भिंतीकडे तोंड करून ओकली.
प.व. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शोभा नाय ह्यात." आणि गेल्या.

गुरुवार, २३ जाने.
रेश्माला फोन केला. नंबर वर्गातल्या एकीने दिला. रेश्माने सगळं सांगितलं. शोभा म्हणजे प.व.ची धाकटी जाऊ, त्यांच्याच शेजारी निजलेली. पहाटे इमारत पडली तेव्हा प.व. पाणी भरायला उठून खाली आल्या होत्या. सकाळी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये ओळ लावलेली, वर पांढऱ्या चादरी. आईने एकटीने एकेक उचलून बघितली. शोभा त्या ओळीत नव्हतीच, ती दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यात सापडली.

"तुम्हाला कसं माहीत असणार, मॅडम," रेश्मा म्हणाली. वर मलाच समजावते, पोरगी. मला कसं माहीत असणार? दार उघडं ठेवायचं माहीत होतं, पाठीमागून चालायचं नाही हे माहीत होतं. ट्रेनिंगच्या फायलीतलं सगळं पाठ होतं. मेलेल्या माणसावर पांढरी चादर घालतात हे समजायला ट्रेनिंग लागतं का? लाज वाटते, भयंकर लाज वाटते. जेवले नाही. नंदू पिठलं करून समोर घेऊन बसला.

सोमवार, २७ जाने.
गेले. वाटलं होतं खोली रिकामी असेल, पण आल्या होत्या. दारातच पहिला प्रश्न, "चादरी नाय ना आणल्या?" नाही आणल्या. मग बसल्या, भिंतीला टेकून, पुन्हा पहिल्या दिवसासारख्या. मी माफी मागितली. एकीने खोबऱ्याची वडी काढून वाटली.

प.व. आल्या नाहीत.

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजही नाहीत. वर्गानंतर त्यांच्या खोलीवर गेले. आत गेले नाही, बाहेरच उभी. त्या दारात बसून बांगडे साफ करत होत्या. मांजर आली, गेली.

"माझं चुकलं, वहिनी."
"तुका काय म्हायत." (तू! टीचरवरून तू.) मग म्हणाल्या, "आडव्या झालल्या त्या सगळ्या. खरा ना?"
हो.
"कशा झाल्या?"

मला सुचलं ते बोलून गेले. छत नको तर डोकं बाहेर ठेवा. अंग आत, डोकं दाराबाहेर, वर आभाळ.
सुरी थांबली. "उंबऱ्यात कोण निजता गो? सांजेची लक्ष्मी येवची, तिका काय ओलांडून जावा सांगू?"
म्हटलं, इथे कुठे आहे उंबरा? सिमेंटची पट्टी आहे नुसती. आणि दुपारी तीनला कुठली लक्ष्मी येते?
हसल्या नाहीत. पण बांगडा हातात धरून त्या पट्टीकडे बघत राहिल्या, जणू आजच दिसली.

बुधवार, १२ फेब्रु.
आल्या!! स्वतःची चादर घेऊन, लाल-निळ्या मोठ्या फुलांची, बघितली की डोळे दिपावेत अशी. चपला पायात. कुणाशी काही न बोलता बालवाडीच्या दारात अंथरली आणि आधी बसल्या. मग एक कोपर टेकलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी बाहेर पायरीवर बसले, गल्लीतली कुत्री हाकलायला. विचारलं, इथे बसू का? मान हलवली.

आणि मग पाठ टेकली. डोकं बाहेर, माझ्या गुडघ्याजवळ. वर दोन पत्र्यांच्या मधली आभाळाची पट्टी, त्यात वायरी, संक्रांतीचा अडकलेला पतंग. त्यांचे डोळे सताड उघडे. श्वास वरवरचा, भराभर. मी काही शिकवलं नाही. काय शिकवणार? मीही वरच बघत बसले. पतंग जरासा फिरला. खाडीकडून पक्ष्यांची रांग आली, इतक्या उंचावरून की रंग कळेना, फ्लेमिंगो असावेत. पट्टीतून दिसले आणि संपले. आत बायका आपापल्या मॅटवर, कुणीतरी अगदी हळू गुणगुणत होती. ऊन भिंतीवरून उतरून हत्तीच्या सोंडेवर आलं. दुपार लांबत गेली. आपण कुठल्या गावात आहोत, कुठलं वर्ष आहे, काही आठवायची गरज वाटेना. प.व. मध्येच म्हणाल्या, "शोभा घोरायची." मी म्हटलं, हो? "खूप." आणि थोड्या वेळाने त्या स्वतःच घोरायला लागल्या.

वर्ग संपला तरी कुणी उठलं नाही. दारातून जायचं कसं? सगळ्या आत अडकून बसल्या, एकमेकींना खुणा करत, हसू दाबत. शेजारच्या बाईचा कुकर शिट्टी देणार म्हणून एकीने खिडकीतून हात जोडले.

मी इतकी खूश आहे की झोप येत नाही. आता काय म्हणावं.

सोमवार, १७ फेब्रु.
आज प.व.चं डोकं दारातल्या सिमेंटच्या पट्टीवर, म्हणजे अर्धं आत. झोप नाही लागली, पण पडून राहिल्या. मग उठून मला फोन लावायला सांगितला. रेश्माने उचलला.
"गो, ये." एवढंच. मग, "आई, नक्की?"
"ये म्हणतंय ना."
फोन माझ्या हातात देऊन सरळ नळावर गेल्या.

सोमवार, २४ फेब्रु.
रेश्मा काल आली. वर्गानंतर डोकावले. एकच खोली, पलंगावर रेश्मा कुशीवर गाढ झोपलेली, पोटाशी उशी. जावयाने पोचवलेली बॅग अजून न उघडलेली. पंखा फिरतोय. छताला ओलीचा एक डाग आहे, ताटाएवढा.

प.व. दाराला टेकून खाली बसलेल्या. रात्र कशी गेली विचारलं.
"बसान. हिच्याकडे बघीत." मग आवाज अगदी खाली आणून, "माझा काय, मी दारात निजान. निजलंय मी, तू बघितलंस. पण बाळाक खंय निजवू? त्येचा डोक्या काय भायर ठेवू?"

माझ्याकडे उत्तरं असतात. गुडघ्याला आहे, पाठीला आहे, झोप न येण्याला आहे. मी वर बघितलं. स्लॅब. जाड, सरकारी, तपासलेला. असंच सांगायला हवं होतं, तपासलेला आहे. पण त्यांची आधीची इमारतही कुणीतरी तपासलीच असेल.
"मला माहीत नाही, वहिनी."
त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग जरा सरकल्या. "बस मगे हयसर."

बसले. दोघींची पाठ एकाच दाराला. बाहेर कुणीतरी कपडे धूत होतं, पलीकडे टीव्ही. घरी जावंसं वाटत नव्हतं. रेश्माने झोपेत कूस बदलली, पलंग करकरला, आणि आम्ही दोघींनी एकदम वर बघितलं.