डावा कठडा

४ जानेवारी
आज राजीनामा साडूच्या टेबलावर आपटला. म्हणजे ठेवला. तो फोनवर होता, त्याने हातानेच 'ठेवा तिथे' अशी खूण केली. बहुतेक त्याला टूरचं बिल वाटलं. असो. आपटण्याचा भाव मनात पुरेपूर होता.

कारण लिहून ठेवतो. पुढेमागे राग थंड पडलाच तर गरम करायला बरं. परवा सासूबाईंच्या वाढदिवसाचं जेवण. झाडाच्या सालीपासून गंजरोधक रंग करायची माझी कल्पना मी सगळ्यांसमोर मांडली. साडूची रंगाची फॅक्टरी, मी तिथे इतकी वर्षं सेल्स मॅनेजर, तेव्हा म्हटलं कौतुक होईल. साडू काय म्हणाला? म्हणाला, साडूभाऊ, हा रंग लोखंडाला लावायचा की खोकल्यावर घ्यायचा?

सगळं टेबल हसलं. सासूबाईंना ऐकू येत नाही, त्याही हसल्या. ही (माझी स्वतःची बायको!) सगळ्यांत शेवटी थांबली.

ठराव: वर्षभरात साडूच्या फॅक्टरीला कुलूप. मग दयाबुद्धीने त्याला माझ्याकडे नोकरी. सेल्समध्ये.

९ जानेवारी
शेड घेतली. मुद्दाम साडूच्या गेटसमोरची. माझी भरभराट त्याला उठता-बसता दिसली पाहिजे. आधी इथे गाद्या भरायचे, अजून शिंकलं की कापूस उडतो.

दुपारी साडू स्वतः आला. सोबत एक टेबल, दोन खुर्च्या आणि वजनकाटा. म्हणाला, रंग करायचा म्हणजे काटा लागेलच, आमच्याकडे जास्तीचा पडून होता. मी मनात म्हटलं, काटा खोटा असणार. तो गेल्यावर साखरेचं बंद पाकीट आणून तपासला. बरोबर निघाला. फार पोचलेला माणूस आहे.

१७ जानेवारी
केमिस्ट मिळाले. कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेत. मी त्यांना सर म्हणतो, तेही मला विद्यार्थीच समजतात. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'आपण मागे पाहिलं त्याप्रमाणे' अशी. मागे काहीही पाहिलेलं नसतं.

त्यांनी सांगितलेलं सार: काही झाडांच्या सालीत एक तुरट अर्क असतो. तो गंजाला भिडला की गंजाचा काळा, घट्ट थर होतो आणि पुढचं लोखंड वाचतं. त्यात जवसाचं तेल आणि राळ घातली की रंग तयार. थोडक्यात काय, गंजाच्या तोंडाला काळं फासायचं. ही प्रक्रिया मला एकदम पटली. गंजाच्या जागी कोण दिसत होतं ते लिहीत नाही.

२३ जानेवारी
पहिला घाणा. भंगारवाल्याकडून मोठं लोखंडी पिंप आणलं, त्यात साली उकळल्या. अपेक्षित रंग: सुंदर तपकिरी. मिळालेला रंग: शाई. पिंप काळं, ढवळायची काठी काळी, मी कोपरापर्यंत काळा. सर म्हणाले, लोखंडाच्या भांड्यात उकळू नका म्हणालो होतो. म्हणाले असतीलही, पण लेक्चरच्या शेवटी. शेवटचं कोण ऐकतं?

शेडमधून बाहेर पडलो तर समोर साडू गेटवर. त्याने हात केला. मला हात दाखवता येईना.

ठराव: आपला रंग काळाच. काळ्याला भारदस्तपणा असतो.

२ फेब्रुवारी
स्टीलचं पिंप आणलं. दुसरा घाणा. घरच्या खिडकीच्या ग्रिलला लावून पाहिला. काल लावला, आज संध्याकाळपर्यंत ओलाच. तेवढ्यात ताई आली. ताई म्हणजे हिची थोरली बहीण, म्हणजे साडूची बायको, म्हणजे शत्रुपक्ष. नवा पांढरा ड्रेस. गप्पा मारता मारता ग्रिलला टेकली. उठताना आधी ताई उठली, मग ड्रेस उठला. पाठीवर झेब्र्यासारखे पट्टे.

शत्रूच्या गोटावर पहिला वार. तोही विनासायास.

ही माझ्याशी बोलत नाही. ताई मात्र जाताना म्हणाली, एवढा चिकटतो म्हणजे तुमच्या रंगात काहीतरी आहे हं. टोमणा.

२० फेब्रुवारी
ही आज शेडवर आली. न बोलवता. म्हणाली, कपडे धुऊन धुऊन माझे हात काळे झालेत, बघू तरी तुमचं काय चाललंय. तेलाचा वास घेतला आणि म्हणाली, हे कच्चं आहे. सर म्हणाले, अगदी बरोबर, आपण मागे पाहिलं त्याप्रमाणे. मग दोघं दिवसभर मंद आचेवर तेल शिजवत बसली. मी खिडकीशी उभा राहून समोरच्या गेटवर नजर ठेवली. कोणीतरी ठेवायला हवीच.

२२ फेब्रुवारी
वाळला! गंजलेल्या पत्र्यावर लावला होता. नखाने खरवडला, चावीने खरवडला, निघत नाही. सरांनी टाळ्या वाजवल्या. हिच्या डोळ्यांत पाणी. (धुराने नव्हे, मी विचारलं.)

माझ्या नेतृत्वाचं फळ.

१ मार्च
रंगाचं नाव ठरवायचं होतं. मी 'सूड' सुचवलं. छोटं, लक्षात राहणारं. ही म्हणाली, लोक रंग विकत घेतील, सूड कोणी विकत घेणार नाही. मग तिनेच 'वृक्षकवच' काढलं. लेबलं स्वतः चितारली: एक पान, पानाखाली खिळा. शिवणाचे क्लास बंद केलेत तिने यासाठी. रात्री जेवताना म्हणाली, त्या दिवशी मी उगीच हसले हो.

ती ते विसरायला तयार आहे. मी नाही.

११ मार्च
मोठी बातमी. नगरपालिकेच्या इंजिनियरला आमचा पत्रा आवडला. कालव्यावरच्या पादचारी पुलाचे दोन कठडे आहेत. म्हणाला, एका कठड्याला तुमचा रंग, दुसऱ्याला एखाद्या नेहमीच्या कंपनीचा. मेअखेर बघू. तुमचा टिकला तर गावातले सगळे पूल, सगळी फाटकं, सगळ्या टाक्या तुमच्या.

नेहमीची कंपनी कोणती, तर साडूची!

देव आहे.

अट एकच: रंग नगरपालिकेचे पेंटर लावणार, त्या वेळी दोन्हीकडचं कोणीही पुलावर फिरकायचं नाही. आणि दोन्ही रंग काळे, म्हणजे पक्षपात नको. साडूने खास काळा बनवून दिला म्हणे. नक्कल.

१४ मार्च
आज रंगकाम. दुपारी इंजिनियरचा पुलावरूनच फोन. म्हणाला, झालं काम, डावा कठडा तुमचा, उजवा त्यांचा. संध्याकाळी बाजाराच्या बाजूने जाऊन पाहून आलो. डावा कठडा कसा रुबाबात उभा होता. उजव्याकडे बघून थुंकणार होतो, पण तिथे दंडाची पाटी आहे.

२ एप्रिल
रोज सकाळी पुलावर फेरी. पंचाईत अशी की दोन्ही कठडे सारखेच दिसतात. उजवा तर किंचित जास्तच चमकतो. आज नेमका साडू भेटला, तोही फिरायला आलेला. म्हणाला, साडूभाऊ, दोन्ही मस्त टिकलेत, मला तर ओळखूही येत नाही कुठला कुणाचा. वर म्हणाला, तुमचाच जिंकू दे, आमच्याकडे कामं पुष्कळ आहेत.

पुष्कळ आहेत! माणूस जखमेवर मीठ चोळतो म्हणजे किती चोळतो!

(थोड्या वेळाने)
मीठ.

५ एप्रिल
ही फसवणूक नाही, हे आधीच स्पष्ट करतो. मोठ्या लॅबमध्ये गंजरोधक रंगावर मिठाच्या पाण्याचा फवारा मारूनच परीक्षा घेतात. साडूकडे असताना मी स्वतः पाहिलंय. मी साडूची तीच परीक्षा फुकटात घेतोय, इतकंच. लॅबमध्ये रंगावर आधी ओरखडाही काढतात. तोही काढला, चावीने, जोडांपाशी.

साहित्य: बागेची झारी, मीठ. वेळ: पहाटे, पुलावर वर्दळ नसते तेव्हा. उजवा कठडा. आतल्या बाजूने, कारण बाहेरच्या बाजूला वाकलं तर मी कालव्यात जाईन.

१९ एप्रिल
परीक्षा नियमित चालू. आज एक फिरायला आलेले आजोबा थांबले. विचारू लागले, पुलाला पाणी घालता? केवढा होईल हा? मी झारी पुढे सरकवली. संशोधकाला कुचेष्टेची सवय हवी.

ही विचारत होती, मीठ इतकं कसं संपतं. घसा खराब आहे, गुळण्या करतो, असं सांगितलं. तिने लगेच मध आणि आलं दिलं. घ्यावं लागलं. आता रोज घ्यावं लागतं.

८ मे
विजय! उजव्या कठड्याच्या जोडांवर तांबूस ओघळ. काही ठिकाणी रंगाचे पापुद्रे. डाव्यावर एक डागही नाही. दुपारी दोनदा भात घेतला. हिने कारण विचारलं, मी नुसता गूढ हसलो. ती म्हणाली, घसा बरा झालेला दिसतोय.

ठराव: निकालाच्या दिवशी सगळ्यांना पुलावर बोलवायचं. सासूबाई, ताई, सर, सगळे. जे जेवताना हसले त्या प्रत्येकाने गंज डोळ्यांनी पाहायला हवा. भाषण लिहायला घेतलं. शेवटी साडूला माफ करायचं की नाही ते ऐन वेळी ठरवीन.

२६ मे
सगळे आले होते. सासूबाईंना खुर्ची नेली होती. साडूने माझ्यासाठी फुलं आणली होती. हिने कडक इस्त्रीची साडी नेसली होती, हातात वृक्षकवचचा नवा डबा. इंजिनियरला यायला उशीर झाला, म्हणून मी भाषण सुरू केलं.

उजव्या कठड्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, बघा. डोळे उघडून बघा. हा आहे गर्विष्ठ माणसाचा रंग. वरून चमक, आत गंज. असा रंग विकणाऱ्याला लाज वाटायला हवी. असा माणूस कोणत्या तोंडाने दुसऱ्याच्या कल्पनेला हसतो? सासूबाई मोठ्याने विचारत होत्या, कोणाबद्दल बोलतोय हा? ताईचा चेहरा उतरला. साडू कठड्यावरून हात फिरवत राहिला. मला वाटलं, हाच तो क्षण. वर्षभर थांबावंही लागलं नाही.

मग इंजिनियर आला. पलीकडून, त्याच्या ऑफिसच्या बाजूने. भाषणाचा शेवट त्याने ऐकला असावा. म्हणाला, साहेब, स्वतःच्या मालाबद्दल इतकं कठोर बोलणारा कारखानदार मी पहिल्यांदाच बघतोय.

मी म्हणालो, स्वतःच्या?

तो म्हणाला, हा डावा ना. मी त्याला समजावलं की हा उजवा आहे. त्याने मला खांद्याला धरून वळवलं, त्याच्या ऑफिसकडे पाठ करून उभं केलं. कठडा डावीकडे आला.

पुढचं लिहायची इच्छा नाही, तरी लिहितो. इंजिनियर वाकून बाहेरची बाजू बघायला लागला. म्हणाला, नवल आहे. कालव्याच्या बाजूने तुमचा रंग इतका उत्तम टिकलाय की समोरच्यापेक्षाही सरस. मग आतूनच असा का गेला? जोडावर पांढुरकं काही साचलं होतं. त्याने ते बोटाने खरवडलं, जिभेला लावलं आणि म्हणाला, खारट. समुद्र तर इथून कोसो दूर.

सर म्हणाले, आश्चर्य आहे, हे आपण मागे पाहिलेलं नाही.

ही इंजिनियरकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मग तिने हातातला डबा सासूबाईंच्या खुर्चीखाली ठेवून दिला.

एका वाक्यात माझा रंग वाचला असता. ते वाक्य फक्त मलाच माहीत होतं. मी ते बोललो नाही. इंजिनियरने नोंद केली: आतल्या बाजूस अपयशी.

२७ मे
ही सकाळीच तिच्याकडची शेडची चावी सरांना देऊन आली. शिवणाच्या क्लासची पाटी पुन्हा दाराला लागली. मला काही म्हणाली नाही. एकदा म्हणाली, पण ते दुधाबद्दल होतं.

३ जून
साडू घरी आला. पुलावरचं माझं भाषण त्याच्याबद्दल होतं, हे त्याच्या लक्षातच आलेलं नाही. त्याला वाटतंय मी अति प्रामाणिकपणे स्वतःलाच झोडपत होतो. म्हणाला, साडूभाऊ, मला रडू येणार होतं. मी शेवटी न राहवून विचारलं, वाढदिवसाच्या जेवणात खोकल्याचं काय बोलला होतात आठवतंय? तो बराच वेळ आठवत बसला. मग म्हणाला, खोकला कोणाला झाला होता?

सूड घ्यायचा तर समोरच्या माणसाने थोडी तरी मदत करायला हवी.

तो वृक्षकवच त्याच्या फॅक्टरीत बनवणार आहे. बाहेरच्या बाजूचा निकाल पाहून त्याची खात्री पटलीय. लेबल हिचंच राहील, सर लॅब सांभाळतील, ही तेल शिजवण्याचं काम बघेल. ती हो म्हणाली. तिला हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं, साडूकडे बघून हसली.

मलाही पोस्ट आहे. आतली बाजू का गेली याचा शोध लागल्याशिवाय रंग बाजारात आणायचा नाही, आणि हा शोध माझ्याइतका तळमळीने दुसरं कोणी घेणार नाही, असं साडूचं म्हणणं. तेव्हा चौकशी माझ्याकडे. रिपोर्ट सोमवारी.

७ जून, रविवार
सकाळपासून टेबलाशी बसलोय. ही एकदा डोकावून गेली, काय लिहिलंय ते वाचलं आणि निघून गेली.

संभाव्य कारणं: एक, पक्षी. दोन, हवामान.

तिसरं सुचत नाही.